थोरलीचा रंग

फोटोवाल्यांच्या घरात दोन मुली. धाकटी त्यांची स्वतःची, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलेली. थोरली बैठकीच्या खोलीत, भिंतीला लागून ठेवलेल्या चार फुटी काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात राहायची. थोरली म्हणजे एक कोरल, शिंगांसारख्या फांद्या फुटलेलं जिवंत प्रवाळ. घरात आली तेव्हा ती करंगळीएवढी होती आणि धाकटीचा जन्म त्याच्या पुढच्या वर्षीचा, म्हणून मोठेपणाचा मान तिला. शाळेत असताना "तुला भावंडं किती?" असं कुणी विचारलं की धाकटी सांगायची, "एक मोठी बहीण आहे, पण ती हलत नाही आणि बोलत नाही." ते ऐकून एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरी कळल्यावर फोटोवाले पोट धरून हसले. खुलासा करायला शाळेत मात्र त्यांच्या बायकोला जावं लागलं.

फोटोवाले काही त्यांचं आडनाव नव्हे. पण आडनावाने हाक मारणारा माणूस आता गल्लीत कुणी उरला नव्हता. सत्तावीस वर्षं ते एका कलर लॅबमध्ये प्रिंट काढत. फिल्मवरून कागदावर फोटो उतरवायचा तर प्रत्येक फोटोचा रंग जुळवावा लागतो, थोडा लाल कमी, थोडा पिवळा जास्त. बाकीच्यांना त्यासाठी रंग मोजायचं यंत्र लागे. फोटोवाले ओला प्रिंट चिमटीत धरून खिडकीपाशी जात, एक डोळा बारीक करत आणि म्हणत, "लाल दोन पॉइंट काढा." दोन म्हणजे दोनच, दीड नाही की अडीच नाही. यंत्राचं आणि त्यांचं जुळलं नाही तर मालक यंत्रवाल्याला बोलावून घ्यायचे. पुढे फिल्म गेली, लॅब गेली, तेव्हा घराच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर आणि मोठा प्रिंटर मांडून त्यांनी तेच काम सुरू केलं.

आता ज्याच्या डोळ्याचं इतकं कौतुक झालंय तो माणूस घरात कसा वागेल? रंगाच्या बाबतीत ते नाकावर माशी बसू देत नसत. पडद्याचा रंग, भिंतीचा रंग, बायकोच्या स्वेटरच्या लोकरीचा रंग, सगळं त्यांच्या खात्यातलं. बायको बाकी सगळ्या बाबतीत त्यांना ताळ्यावर ठेवून होती, पण रंगाचा विषय निघाला की तीसुद्धा म्हणायची, "ते यांना विचारा बाई." तेवीस वर्षं असं चाललं की घराला त्याची सवयच होऊन जाते.

टाकी त्यांच्या धाकट्या भावाने बनवली होती. त्याचं दोन गल्ल्या सोडून काचेचं दुकान. तो काचवाला. हे दादा, तो काचवाला आणि दोघांच्या मधे अकरा वर्षांचं अंतर. दादाच्या टाकीसाठी त्याने अशी काच निवडली होती की तिच्यात हिरवी झाक शोधूनही सापडू नये. काचेच्या बाबतीत तोही काही कमी नव्हता. गिऱ्हाइकाला बजावून सांगायचा, "माझ्या काचेतून जे दिसेल ते जसंच्या तसं दिसेल. वाकडं दिसलं तर वस्तू वाकडी."

ही कोरलं पाळणारी माणसं एक रीत पाळतात. आपल्याकडचं कोरल चांगलं वाढलं की त्याची एक फांदी तोडून जवळच्या दुसऱ्या कुणाच्या तरी टाकीत लावायला द्यायची. वरून दिलदारी दिसते, पण त्यात पक्का हिशेबीपणा आहे. उद्या आपल्या टाकीचा पंप बंद पडला, वीज गेली, काही विपरीत झालं आणि सगळं मेलं, तर मागायला एक घर असावं. बारा वर्षांपूर्वी फोटोवाल्यांनी थोरलीची एक फांदी भावाला दिली होती. काचवाल्याने दुकानात उरलेल्या साध्या हिरवट काचांची एक छोटी टाकी जोडली आणि ती फांदी तिच्यात लावली. फोटोवाल्यांना ती टाकी पसंत नव्हती. "हिरव्या काचेत काय दिसणार आहे तुला?" ते म्हणाले. "मला कुठे फोटो काढायचेत, दादा?" काचवाला म्हणाला.

फोटो ही फोटोवाल्यांची खरी पूजा. दर रविवारी अकरा वाजता. टाकीसमोर जमिनीवर तीन पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. तेवीस वर्षं त्याच तीन जागी कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय. आधी चुंबकाच्या घासणीने काच आतून पुसायची. मग पंप बंद करायचे, कारण पाणी हललं की फांद्यांवरची फुलांसारखी बारीक तोंडं हलतात आणि फोटो पुसट येतो. पंप बंद राहिला तर मासे गुदमरतात, म्हणून बायकोचं स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ दहा मिनिटांवर लावून शेजारी ठेवायचं. त्या दहा मिनिटांत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. टाकीत एक पिवळा मासा होता, सतत या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालणारा, त्याचं नाव इन्स्पेक्टर. नेमका फोटोच्या क्षणी तो मधे यायचा आणि फोटोवाले दबक्या आवाजात त्याला शिव्या घालायचे.

कोरलांच्या टाकीवर निळा दिवा असतो, त्यांना तो मानवतो. पण कॅमेऱ्याला त्या निळ्यात सगळं निळंच दिसतं, त्यामुळे फोटोचा रंग नंतर सुधारावा लागतो. शहाणी माणसं त्यासाठी फोटोत एक राखाडी कार्ड ठेवतात आणि त्याच्यावरून रंग जुळवतात. फोटोवाल्यांनी ते कधी ठेवलं नाही. ते म्हणत, "थोरली कशी आहे ते मला माहीत आहे. कार्डाला काय माहीत?" थोरलीचं अंग फिकट हिरवं आणि प्रत्येक फांदीचं टोक जांभळं होतं. आठवणीतल्या त्या जांभळ्याशी जुळेपर्यंत ते रंग लावत, मग छोटा प्रिंट काढून तारीख घालून वहीत चिकटवत. अशा अकरा वह्या झाल्या होत्या.

पण चार-पाच वर्षांपासून ते जांभळं त्यांना पुरेसं दिसेना. टोकं मळकी वाटायची, तपकिरीकडे झुकलेली. पाणी बदललं, मीठ बदललं. पाण्यात पिवळेपणा आलाय म्हणून कोळशाची पिशवी टाकली. शेवटी त्यांनी ठरवलं की दिवे थकले. फोटोत मात्र जांभळं आणणं हातातलं होतं, तेव्हा निळा आणखी थोडा वाढवायचा, मग थोरली थोरलीसारखी दिसायची.

दोन वर्षांपूर्वी काचवाल्याची बायको गेली. आजार जेमतेम महिन्याभराचा. फोटोवाल्यांनी भावजयीचा मोठा फोटो करायला घेतला, त्यांनीच कधीतरी काढलेला, गच्चीवर उन्हात हसताना. त्या फोटोवर ते दोन दिवस बसले. मनापासून बसले, हे सांगायला हवं. इतकं जपून त्यांनी आयुष्यात दुसरं काही छापलं नसेल. काचवाला न्यायला आला. त्याने प्रिंट दारापाशी उजेडात नेला.

"दादा, ही निळी दिसतेय रे."

"निळी?"

"चेहरा. गार पडल्यासारखा. दवाखान्यात शेवटी होती ना, तसा."

लॅबचे मालक असं बोलले असते तरी फोटोवाल्यांनी ऐकून घेतलं नसतं. आणि हा तर ज्याला त्यांनी कडेवर खेळवला तो भाऊ.

"डोळे तपासून घे तुझे," ते म्हणाले. "रडून रडून काय दिसतंय तुला? तू काच काप. रंगाचं मला शिकवू नकोस."

बोलून गेल्यावर त्यांनाही ते लागलं असेल. पण शब्द मागे घेण्याची त्यांना कधी गरज पडली नव्हती, त्यामुळे ते कसं करतात हे त्यांना येत नव्हतं. काचवाल्याने प्रिंट गुंडाळला आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून दोघांच्या घरांमधल्या दोन गल्ल्या ओलांडणारी एकच व्यक्ती उरली, फोटोवाल्यांची बायको. ती डबा घेऊन जायची, रिकामा डबा घेऊन यायची आणि दोन्हीकडे कुणी काही विचारायचं नाही.

या वर्षी फोटोवाल्यांनी टाकीवरचा दिवा बदलला. नवा, जोरकस, निळा. पहिल्या महिन्यात अर्ध्यावर ठेवला, मग दर महिन्याला थोडा थोडा चढवला. जांभळं परत येतंय असं त्यांना वाटायचं, मग आठवड्याभरात पुन्हा मळकं दिसायचं, की ते आणखी चढवायचे. टाकी पुसताना एकदा बायको म्हणाली, "अहो, हिची टोकं पांढरी दिसतात का हो?"

"वाढतेय ती. वाढणारं टोक पांढरंच असतं."

हे खरंच होतं, कोरलाचं वाढतं टोक पांढरं असतं. बायको पुन्हा काच पुसू लागली. पुढच्या महिन्यात पांढरेपणा टोकांवरून खाली अंगावर उतरला. तेही तिने पाहिलं आणि रंगाचं यांना जास्त कळतं म्हणून मनातच ठेवलं.

धाकटी सात महिन्यांनी घरी आली. सात महिने तिला दर रविवारी फोनवर थोरलीचा फोटो यायचा, जांभळ्या टोकांचा, झकास. ती सकाळी आली, पिशवी खांद्यावरून उतरवायला वाकली आणि तशीच थांबली.

"आई, हे काय झालं?"

"काय ग?"

"थोरली. पांढरीफट्ट पडलीये."

फोटोवाले आतून टॉवेलने तोंड पुसत आले. "पांढरी कुठे? हिरवट आहे. नीट बघ."

धाकटीने दिव्याखाली, काचेला लागून, वहीतला कोरा कागद धरला. "हा कागद आणि ती. फरक सांगा बाबा."

त्यांनी पाहिलं. अगदी मन लावून पाहिलं, पूर्वी खिडकीपाशी प्रिंट पाहायचे तसं एक डोळा बारीक करून. "दिव्यामुळे दोन्ही हिरवट दिसतात," ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता.

धाकटी काही त्यांच्या लॅबमध्ये शिकलेली नव्हती, पण मुलगी त्यांचीच. तिने अकरा वह्या काढून जमिनीवर उघडून मांडल्या, पहिल्या वर्षापासून आजपर्यंत. टाकीच्या डाव्या कोपऱ्यात, पाण्याची उष्णता दाखवायला, पांढऱ्या प्लास्टिकचा एक थर्मामीटर चिकटवलेला होता. तो प्रत्येक फोटोत यायचा. सुरुवातीच्या वह्यांत तो पांढरा होता. नवव्या वहीत किंचित निळसर. अकराव्या वहीत आकाशासारखा निळा.

"हा बघा. हा पांढरा आहे की नाही घरात? मग इथे निळा कसा?"

"शेवटचा पांढराच आहे," फोटोवाले म्हणाले. "पहिले पिवळे पडलेत. जुना कागद पिवळा पडतोच."

आई आणि मुलीने एकमेकींकडे पाहिलं. माणूस खोटं बोलत नव्हता. त्यांना तसंच दिसत होतं आणि ज्याला तसं दिसतं त्याला डोळ्यांनी काय पटवून देणार?

मग धाकटीने कॉम्प्युटर लावला. गेल्या रविवारचा फोटो उघडला आणि थर्मामीटरवर खूण नेऊन ठेवली. बाजूला तीन आकडे आले: लाल, हिरवा, निळा.

"पांढऱ्या वस्तूवर हे तिन्ही कसे असतात, बाबा?"

"सारखे."

"वाचा."

त्यांनी वाचले. लाल एकशे बासष्ट. हिरवा एकशे नव्वद. निळा दोनशे एक्केचाळीस. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. मग धाकटीच्या हातून माऊस घेऊन त्याच्या आधीच्या रविवारचा फोटो उघडला, मग गेल्या वर्षीचा, मग त्याच्या आधीचा. प्रत्येक ठिकाणी थर्मामीटरवर खूण, प्रत्येक ठिकाणी तीन आकडे. आकड्यांशी त्यांना भांडता येईना. डोळ्यावर त्यांचा आयुष्यभर विश्वास होता, पण तीन आकडे म्हणजे काय हेही आयुष्यभर त्यांनीच लोकांना शिकवलं होतं.

ते उठले. फार उजेडाने भाजलेलं कोरल असंच पांढरं पडतं, हे त्यांना ठाऊक होतं. बैठकीत जाऊन त्यांनी निळा दिवा अगदी कमी केला आणि टाकीसमोरच्या स्टुलावर बसले. इन्स्पेक्टर गस्त घालत होता.

"मग तो फोटो..." ते म्हणाले.

कुठला ते बायकोला विचारावं लागलं नाही. "हो," ती म्हणाली.

"तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही भाऊजींना काय म्हणालात ते ऐकलं होतं मी." तिने मनगटाने डोळे टिपले. "आणि मला वाटलं, तुम्ही म्हणताय म्हणजे माझंच चुकत असेल. थोरलीचंही तसंच वाटलं. रोज बघत होते हो मी, रोज."

फोटोवाल्यांना तिचा राग आला नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की त्या स्टुलावरून उठून कुणाच्या समोरून जायचं त्यांना जिवावर आलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे म्हणून सांगितलं, चांगला जुना, पिवळसर. सगळं जणू तेलकट पिवळ्या कागदातून पाहिल्यासारखं दिसत असणार, निळं-जांभळं तर जवळजवळ नाहीच. "इतकी वर्षं जाणवलं नाही?" डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या. "हळूहळू होतं, कळत नाही म्हणा. काय करता आपण?"

"फोटोचे रंग जुळवतो," फोटोवाले म्हणाले.

डॉक्टरांनी लिहायचं थांबवून वर पाहिलं आणि मग पुन्हा खाली पाहून लिहायला लागल्या.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्या तीन आठवड्यांत धाकटी रजा वाढवून राहिली. थोरलीचं काय चाललंय ते ती रोज सकाळी वडिलांना सांगायची, कारण आता त्यांनीच तसं सांगितलं होतं. "मला दिसतं ते धरू नकोस. तुला दिसतं ते सांग." पहिल्या आठवड्यात तिने सांगितलं, एका फांदीवर बारीक तोंडं उघडलेली आहेत. दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, बुडापासून साल सुटल्यासारखं होतंय. त्यानंतर ती नुसतं "आहे तशीच" म्हणायची आणि फोटोवाले पुढे विचारायचे नाहीत.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि ते रिक्षातून घरी आले. दारातच थांबले.

"भिंतीला रंग कधी दिला?"

"कुणी दिला? आहे तोच आहे," बायको म्हणाली.

"ही पांढरी आहे."

"पांढरीच आहे. तुम्हीच रंग निवडला होता."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"बघा, दोन दिवस ती पट्टी परत लावा म्हणते मी," ती म्हणाली. धाकटी हसली, तेही हसले, आणि हसत हसतच टाकीकडे वळले.

आधी त्यांनी उजवा डोळा झाकला. जुन्या डाव्या डोळ्याला थोरली दिसली, हिरवट, जरा मळकी, पण थोरली. मग डावा झाकला. उजव्याला दिसला तो हाडाचा सापळा होता. पांढरा शुभ्र, आणि बुडाशी हिरवं शेवाळ चढायला लागलेलं. तेवीस वर्षं वाढवलेलं ते जिवंत झाड त्यांनी स्वतःच्या हाताने, काळजीने, दर महिन्याला थोडं थोडं जाळलं होतं. ते कितीतरी वेळ एकदा हा डोळा आणि एकदा तो डोळा झाकत उभे राहिले. शेवटी बायकोने त्यांचा हात धरून खाली घेतला. फोटोवाले रडले. ऑपरेशनच्या डोळ्याने रडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे बायको सारखी कापूस घेऊन उभी.

रविवारी अकरा वाजता त्यांनी तिपाई पट्ट्यांवर ठेवली, काच पुसली, पंप बंद केले, घड्याळ लावलं. टाकीच्या कोपऱ्यात राखाडी कार्ड टेकवलं आणि फोटो काढला. कार्डावरून रंग जुळवला, स्वतःचा एक पॉइंटही घातला नाही. वहीत चिकटवून खाली तारीख लिहिली. मग हात कोपरापर्यंत पाण्यात घालून त्यांनी थोरलीला खडकावरून सोडवलं आणि बाहेर काढलं.

त्याच दिवशी संध्याकाळी ते झाकणाचा डबा घेऊन दोन गल्ल्या ओलांडून गेले. डब्यात टाकीतलं खारं पाणी होतं. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. भाऊ काय बोलेल यापेक्षा आपल्या तोंडून शब्द कसा फुटेल, याचीच धास्ती.

काचवाला टेबलावर वाकून काच कापत होता. कटर तेलात बुडवायचा, पट्टीच्या कडेने एक ओरखडा ओढायचा आणि दोन्ही हातांनी काच मोडायची. मान वर न करता तो म्हणाला, "बस दादा. एवढं होऊ दे." जणू काल येऊन गेलेत.

फोटोवाले बसले नाहीत. त्यांना समोर भिंतीवर भावजय दिसली. मोठी फ्रेम, उत्तम काच, रोज पुसलेली. गच्चीवर उन्हात हसतेय आणि चेहरा निळा. ओठ निळे, दात निळे, ऊनसुद्धा निळं. भाऊ म्हणाला होता अगदी तसा, दवाखान्यातला, शेवटचा.

त्यांनी हळूच उजवा डोळा झाकला. डाव्या डोळ्याला ती छान दिसली, गव्हाळ, तजेलदार, बोलायच्या बेतात असल्यासारखी. म्हणजे त्या दोन दिवसांत त्यांनी खरंच जीव ओतला होता. ते सगळं या एका डोळ्यापुरतंच होतं आणि पुढच्या महिन्यात त्याचंही ऑपरेशन होतं.

"हा लावलास तू?" ते म्हणाले.

"मग काय करणार? तू केलेला."

"दोन वर्षं?"

"हं."

"लोक काही बोलत नाहीत?"

काचवाल्याने काच मोडली, कड बोटाने तपासली. "विचारतात कधी कधी, चेहरा असा का म्हणून. मी सांगतो, माझ्या काचेत दोष आहे. काच बदलायची राहिलीये."

ज्या माणसाने आयुष्यात कधी आपल्या काचेला नाव ठेवू दिलं नाही, तो दोन वर्षं दुकानात बसून गिऱ्हाइकांना स्वतःच्या काचेत दोष आहे म्हणून सांगत होता.  फोटोवाले स्टुलावर बसले, डबा मांडीवर.

"माझा डोळा गेला होता रे," ते म्हणाले. "तू म्हणालास ते बरोबर होतं. मी तुला बोलायला नको होतं."

"वहिनी सांगत होती ऑपरेशनचं."

"थोरली गेली."

आता मात्र काचवाल्याचा हात थांबला. तो उठला, फडक्याला हात पुसले आणि मागच्या बाजूला गेला. तिथे काचांच्या उभ्या रांगांच्या पलीकडे ती हिरवट काचांची टाकी होती. बारा वर्षांपूर्वीची फांदी आता दोन ओंजळींएवढी झाली होती. दिवा तोच जुना, ज्याला काचवाल्याने बारा वर्षांत हात लावला नव्हता. फोटोवाले काचेला नाक लावून उजव्या डोळ्याने पाहत राहिले. फिकट हिरवं अंग आणि प्रत्येक टोक जांभळं. हे जांभळं त्यांनी किती वर्षांत पाहिलं नव्हतं. आठवणीतलं तर याच्यापुढे काहीच नव्हतं.

"मागू का नको, असं झालं होतं मला," ते म्हणाले.

"रीतच आहे ना तुमची ती," काचवाला म्हणाला. त्याने काच कापायचा नाही, दुसरा कटर घेतला आणि चांगल्या दोन फांद्या तोडून डब्यातल्या पाण्यात सोडल्या. "एक मेली तर एक राहील."

फोटोवाले निघताना म्हणाले, "तो फोटो दे. नवा करून आणतो."

"आधी दुसरा डोळा होऊ दे."

दुसरा डोळा झाला. त्यानंतर पंधरा दिवसांनी एका दुपारी फोटोवाल्यांनी भावाला बोलावून घेतलं आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत स्वतः न बसता त्याला बसवलं. पडद्यावर भावजयीचा तोच निळा फोटो होता. फोटोवाले बाजूला स्टुलावर, हात माऊसवर.

"मी का?" काचवाला म्हणाला. "आता तर तुझे दोन्ही डोळे ठणठणीत झालेत."

"डोळे झाले. पण तिला मी शेवटची सगळी वर्षं त्या जुन्या डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या आठवणीतला तिचा रंग खरा नाहीच. तुझा खरा आहे. मी हळूहळू फिरवतो, तू सांग."

त्यांनी निळा कमी करायला सुरुवात केली, एकेक पॉइंट. काचवाला पडद्याकडे पाहत होता, फोटोवाले भावाकडे. ओठांवरचा निळेपणा गेला, दात पांढरे झाले, मागच्या गच्चीवर ऊन पडलं. काचवाला पडद्याजवळ सरकला. फोटोवाल्यांनी अर्धा पॉइंट लाल घातला. मग आणखी अर्धा. दाराशी बायको येऊन उभी राहिली होती.

"थांब," काचवाला म्हणाला.

फोटोवाल्यांचा हात थांबला.

"अशी होती," काचवाला म्हणाला आणि मग पुन्हा, "अशीच होती रे दादा."

फोटोवाल्यांनी स्वतः पडद्याकडे पाहिलं नाही. त्यांनी छापायची कळ दाबली.